ऑटिझमच्या फाइलमधले शब्द: कोणता शब्द कोणाचा आणि त्यावरून काय ठरते

एका चार वर्षांच्या मुलाची फाइल डोळ्यांसमोर आणावी. बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘ऑटिस्टिक फीचर्स’ असे लिहिले आहे. तीन महिन्यांनंतरच्या अहवालात ‘एएसडी, लेव्हल २’ अशी नोंद आहे. मानसशास्त्रज्ञांनी भरलेल्या गुणांच्या तक्त्याखाली ‘मॉडरेट ऑटिझम’ हे शब्द आहेत आणि जिल्हा रुग्णालयातून मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘७० टक्के’ हा आकडा आहे. हे कागद तारखेच्या क्रमाने वाचणाऱ्या आईची समजूत अशी होते की, मूल दर कागदागणिक बिघडत चालले आहे. वास्तविक मूल होते तसेच आहे, किंबहुना मधल्या काळात ते दोन नवे शब्दही शिकले असेल. बदलले आहे ते लिहिणारे खाते. पहिला शब्द संशयाचा आहे, दुसरा निदानाचा, तिसरा एका मोजपट्टीचा आणि चौथा कायद्याचा.

ऑटिझमची शब्दावली समजून घेणे म्हणजे व्याख्या पाठ करणे, अशी समजूत असते. त्याने फारसे साधत नाही. प्रत्येक शब्दाला दोन प्रश्न विचारणे अधिक उपयोगी ठरते: हा शब्द कोण वापरतो आणि त्यावरून काय ठरते? पुढील पायऱ्या याच प्रश्नांभोवती बांधल्या आहेत आणि त्यांचा क्रम कुटुंबाला हे शब्द ज्या क्रमाने भेटतात तोच ठेवला आहे.

पहिली पायरी: वही करा आणि मूळ शब्दापासून सुरुवात करा

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत: शब्द, तो कोणी वापरला, आणि त्यावरून काय ठरते. ऐकलेला शब्द इंग्रजी असेल तर तो देवनागरीत, कानाला जसा ऐकू आला तसा, लगेच उतरवून घ्यावा आणि भेट संपण्यापूर्वी ‘हे निदान आहे, की वर्णन?’ असे स्पष्ट विचारावे. बहुतेक तज्ज्ञांना हा प्रश्न आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांच्याविषयीही वहीला काहीतरी कळतेच.

वहीतला पहिला शब्द अर्थातच ‘ऑटिझम’. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी तो घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात, बाह्य जगाकडून आत वळलेल्या मनाचे वर्णन करण्यासाठी. ग्रीक भाषेत ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि हा शब्द लहान मुलांच्या एका स्वतंत्र अवस्थेला चिकटला. मराठीत त्याचा ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रुळला, तो शब्दशः बरोबरही आहे आणि ऐकायला सुंदरही. अडचण एवढीच की ‘मग्न’ हा शब्द आपल्या कानाला ध्यानमग्न, कार्यमग्न यांच्या पंक्तीतला वाटतो आणि मूल स्वतःच्या इच्छेने आपल्याच विश्वात रमले आहे, हाक ऐकूनही मुद्दाम वळत नाही, असा समज नकळत होतो. प्रत्यक्षात अनेक ऑटिस्टिक मुलांना इतरांची सोबत हवी असते, मात्र तिची वाट त्यांना सहज सापडत नाही. म्हणून शासकीय कागदपत्रांत ‘स्वमग्नता’ आणि बोलण्यात ‘ऑटिझम’ असे दोन्ही शब्द वापरायला हरकत नाही, फक्त पहिल्याचा शब्दशः अर्थ मुलाच्या स्वभावावर लादू नये.

‘एएसडी’ हे ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’चे लघुरूप आहे. स्पेक्ट्रम म्हणजे वर्णपट. लोक त्याची कल्पना एका सरळ रेषेसारखी करतात, ज्याच्या एका टोकाला सौम्य आणि दुसऱ्या टोकाला तीव्र ऑटिझम. त्याऐवजी गायकाच्या ध्वनियंत्रणेवरील अनेक खुंट्या डोळ्यांसमोर आणाव्यात. भाषा, आवाजाचा त्रास, नित्यक्रमाची गरज, हालचालींतील सफाई, चिंता या प्रत्येकाची खुंटी वेगळी असते आणि प्रत्येक व्यक्तीत ती निराळ्या जागी फिरवलेली असते. एखादा मुलगा अस्खलित बोलतो, पण शर्टाच्या कॉलरमागचे लेबल त्याला दिवसभर सहन होत नाही. दुसरी मुलगी एक शब्दही बोलत नाही, पण एसटीच्या गर्दीत आनंदाने बसते.

दुसरी पायरी: शेजारचे शब्द वेगळे काढा

नातेवाईक, शाळा आणि कधीकधी कार्यालयेही चार शब्दांची सरमिसळ करतात. ‘मतिमंद’ हा जुना शब्द बौद्धिक क्षमतेविषयीचा होता, आज त्याजागी ‘बौद्धिक अक्षमता’ वा ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ म्हणतात. ऑटिझमसोबत ती असू शकते किंवा नसूही शकते. ‘गतिमंद’ हा शब्द शिक्षणात मागे पडणाऱ्या मुलांसाठी सैलपणे वापरला जातो, त्याला निदानाचा दर्जा नाही. ‘मानसिक आजार’ ही निराळी गोष्ट आहे, कारण ऑटिझम हा मेंदूच्या विकासाशी निगडित असून त्याची सुरुवात बालपणीच होते, नंतर जडलेला तो आजार नव्हे. ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे सर्वांगीण विकासातील विलंब, हा शब्द पाच वर्षांखालील मुलांसाठी राखलेला आहे. तो एका अर्थी तात्पुरता आहे आणि मूल मोठे झाल्यावर त्याजागी नेमके निदान यायला हवे. सात वर्षांच्या मुलाच्या कागदावर तो अजूनही असेल, तर फेरमूल्यमापन राहून गेले आहे असे समजावे.

गोंधळात भर घालणारी एक कायदेशीर गंमतही सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याच्या अनुसूचीत ऑटिझम हा ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ या मोठ्या शीर्षकाखाली घातलेला आहे, आणि त्याच शीर्षकाखाली वाचन-लेखनाच्या विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहेत. त्यामुळे एखाद्या अर्जावर हे शीर्षक दिसले म्हणून मुलाची बुद्धी कमी ठरवली गेली, असा अर्थ काढू नये. ते कपाटातल्या कप्प्याचे नाव आहे.

अलीकडे पाचवा शब्द फार फिरतो: ‘व्हर्च्युअल ऑटिझम’. मोबाइल आणि टीव्हीमुळे होणारा ऑटिझम, असा त्याचा प्रचार होतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या रोगवर्गीकरणात असे कोणतेही निदान नाही. लहान मुलांचा पडद्यासमोरचा वेळ कमी करणे निःसंशय चांगले, त्याने बोलण्या-खेळण्याच्या संधी वाढतात. परंतु या शब्दाच्या आधारे ‘सहा महिने मोबाइल बंद करा, मग बघू’ असा सल्ला मिळाला आणि मूल्यमापन पुढे ढकलले गेले, तर मोलाचा काळ जातो. शिवाय त्यात आईला दोषी धरण्याची जुनी खोड आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला ‘थंड स्वभावाच्या आईमुळे ऑटिझम होतो’ असे गंभीरपणे मांडले जात असे. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचा पिता होता, १९६४ साली त्या मताचा पुराव्यांसह प्रतिवाद केला. तेव्हा आईचा स्वभाव आरोपी होता, आता तिच्या हातातला फोन आहे.

तिसरी पायरी: चाळणी कोणती आणि निदान कोणते, हे ओळखा

‘त्याचे वडीलही चार वर्षांनी बोलले’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे घर विरळाच. म्हणून या टप्प्यावर ‘लक्षणे’ आणि ‘उशीर’ हे शब्द तारखांशी बांधून घ्यावेत. बारा महिन्यांपर्यंत बडबड वा बोटाने दाखवणे, टाटा करणे यांसारखे हावभाव नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडून न बोलणे, आणि कोणत्याही वयात आलेले बोलणे किंवा मिसळणे हरवणे, यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

येथे भेटणारा सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘जॉइंट अटेन्शन’ हा आहे. मराठीत त्याला सामायिक लक्ष म्हणता येईल, पण तो समजावून सांगायला चांदोमामा पुरेसा आहे. कडेवरचे मूल चंद्राकडे बोट दाखवते, मग आजीच्या चेहऱ्याकडे पाहते आणि पुन्हा चंद्राकडे. त्याला चंद्र नको असतो, तो आजीनेही पाहावा एवढेच हवे असते. बिस्किटाचा डबा हवा म्हणून केलेले बोट आणि चंद्र दाखवण्यासाठी केलेले बोट यांतला हा फरक तज्ज्ञ बारकाईने विचारतात. ‘बोट दाखवतो का?’ या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हणण्यापेक्षा कशासाठी दाखवतो ते सांगावे.

‘रिग्रेशन’ म्हणजे आलेले कौशल्य मागे जाणे. काही मुलांमध्ये ते साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दिसते. लसीकरणाचा एक टप्पाही याच वयात येत असल्याने दोहोंचा संबंध जोडला गेला. तो संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याच्या प्रमुख लेखकाचा ब्रिटनमधील वैद्यकीय परवाना रद्द झाला.

आता चाळणी, म्हणजे निदानाआधीची प्राथमिक तपासणी. ‘एम-चॅट-आर’ ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायच्या वीस प्रश्नांची यादी आहे. तीत जास्त गुण आले तर ‘पुढे सविस्तर तपासा’ एवढेच ठरते. इंटरनेटवर ती रात्री अकरा वाजता भरून घरात रडारड झाल्याचे प्रसंग कमी नाहीत, म्हणून हे ठळकपणे लिहावेसे वाटते. ‘रिस्क’, ‘फीचर्स’, ‘ट्रेट्स’, ‘प्रोव्हिजनल’ हे सर्व शब्द चाळणीच्या बाजूचे आहेत. त्यांपैकी ‘फीचर्स’ हा शब्द डॉक्टर अनेकदा पालकांना धक्का बसू नये म्हणून सौम्यपणे वापरतात. हेतू चांगला असतो, पण त्याचा अर्थ ‘ऑटिझम नाही’ असा घेतला जातो. तेव्हा थेट विचारावे की निदान झाले आहे की व्हायचे आहे, आणि व्हायचे असेल तर कोण व कधी करणार.

निदान करणारे म्हणजे विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमनोविकारतज्ज्ञ किंवा बालमज्जाविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यापूर्वी श्रवणचाचणी, बहुधा ‘बेरा’, सांगितली जाते. हाकेला न वळणारे मूल ऐकू न येणारे तर नाही ना, हे आधी पाहिलेच पाहिजे. रक्ताच्या कोणत्याही चाचणीने वा एमआरआयने ऑटिझमचे निदान होत नाही. झटक्यांची शंका असेल तर ईईजी सांगितला जातो, तो फिट्सचा शोध घेण्यासाठी. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांनी ‘डीईआयसी’ हे अक्षरसमूह लक्षात ठेवावेत. ही जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहेत, आणि त्या कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला होता.

चौथी पायरी: अहवालातील आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका

अहवालाचे शेवटचे पान आधी उघडण्याचा मोह होतो. तेथे निष्कर्ष असतो, पण अर्थ आधीच्या पानांत असतो.

‘डीएसएम-५’ प्रमाणे निदानाला दोन पाय आहेत. एक, सामाजिक संवाद आणि देवाणघेवाणीतील सातत्यपूर्ण अडचणी. दोन, तोचतोचपणा, ठरावीक आवडी, बदलाचा त्रास आणि संवेदनांविषयीची वेगळी प्रतिक्रिया यांपैकी किमान दोन बाबी. हे दोन्ही पाय असतील तरच एएसडी. नुसते बोलणे उशिरा आले म्हणून ऑटिझम ठरत नाही आणि नुसते हात फडफडवल्यानेही नाही. २०१३ साली आलेल्या याच आवृत्तीने ‘अॅस्पर्जर सिंड्रोम’ आणि ‘पीडीडी-एनओएस’ ही जुनी नावे एएसडीत विलीन केली. व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अॅस्पर्जर यांच्या नावाला नंतर आणखी एक डाग लागला, कारण नाझी राजवटीत अपंग मुलांना मृत्यूच्या केंद्रात पाठवण्यात त्यांचा सहभाग असल्याची कागदपत्रे पुढे आली. मोठ्या वयाच्या व्यक्तींच्या जुन्या फायलींत ही नावे आढळतील. त्यांचे निदान चुकीचे होते असे नव्हे, आज त्याला एएसडी म्हणतात इतकेच.

‘लेव्हल’ हा सर्वांत गैरसमज झालेला शब्द. लेव्हल १, २ आणि ३ म्हणजे अनुक्रमे आधाराची गरज, बरीच गरज आणि फार मोठी गरज. ही आजच्या गरजेची नोंद आहे आणि संवाद व तोचतोचपणा या दोहोंसाठी ती वेगवेगळी लिहिणे अपेक्षित आहे. म्हणजे एकाच मुलाची संवादात लेव्हल ३ आणि वर्तनात लेव्हल १ असू शकते. अहवालात एकच आकडा असेल, तर तो कोणत्या अंगाचा, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. ‘आयसीडी-११’ मध्ये तर लेव्हल नाहीतच. तेथे बौद्धिक अक्षमता आहे का आणि व्यवहारातील भाषा कितपत आहे, यांवरून उपप्रकार ठरतात. त्याचा ६ए०२ हा क्रमांक अहवालात दिसला तर घाबरू नये, तो ऑटिझमचा वर्गीकरण क्रमांक आहे. एफ८४ असे असेल तर लिहिणाऱ्याने आधीची आवृत्ती वापरली आहे.

यानंतर ‘आयएसएए’, ज्याला बोलताना ‘इसा’ म्हणतात. ही भारतात तयार झालेली मोजपट्टी असून तीत ४० बाबी आहेत आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. म्हणजे काहीही लक्षण नसलेल्या मुलालाही ४० गुण मिळतात, हे न सांगितल्याने अनेकांना उगाच धडकी भरते. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी तिची विभागणी आहे. ‘मॉडरेट’ हा शब्द येथून येतो. तो लेव्हल २ चा अनुवाद नाही, कारण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या गोष्टी मोजतात.

प्रमाणपत्रावरील टक्केवारी ‘इसा’च्या गुणांवरून एका सरकारी तक्त्याने ठरते. त्यात ७० गुणांना ४० टक्के दिव्यांगत्व मिळते. २०० पैकी ७० म्हणजे ३५ टक्के असा हिशेब कोणी करू लागले, तर त्यांना थांबवावे. आणि ‘७० टक्के’ म्हणजे मेंदूचा ७० टक्के भाग निकामी, किंवा ३० टक्केच आशा, असा कोणताही अर्थ त्यात नाही. सवलती देताना कोठेतरी रेघ ओढावी लागते, तिच्यासाठी केलेला तो आकडा आहे.

भारतीय अहवालांत आणखी काही ओळखीच्या खुणा सापडतात. ‘व्हीएसएमएस’ ही सामाजिक परिपक्वतेची मोजणी असून मुलाला स्वतः जेवता येते का, कपडे घालता येतात का, दुकानातून वस्तू आणता येते का, हे ती पाहते. तिचे भारतीय रूपांतर नागपूरचे आहे. तिच्यातून निघणारा ‘एसक्यू’, म्हणजे सामाजिक गुणांक, हा बुद्ध्यंक नव्हे. ज्या घरात आजी सातव्या वर्षापर्यंत नातवाला भरवते, तेथे तो आकडा खालीच येणार. ‘बीकेटी’ म्हणजे बिने-कामत चाचणी. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती बसवली. ती बरीचशी बोलण्यावर अवलंबून असल्याने न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत तिचा आकडा जपून वाचावा. ‘चाचणीदरम्यान सहकार्य अल्प’ असे वाक्य अहवालात असेल, तर त्याखाली रेघ मारून ठेवावी. तो आकडा मुलाच्या बुद्धीपेक्षा त्या दिवशीच्या सकाळीविषयी अधिक सांगत असतो.

पाचवी पायरी: वागण्याचे शब्द घरात पडताळून पाहा

येथून पुढे वहीचा खरा उपयोग सुरू होतो, कारण हे शब्द तज्ज्ञांपेक्षा घरच्या माणसांना रोज दिसतात.

‘स्टिमिंग’ म्हणजे हात फडफडवणे, गोल फिरणे, गुणगुणणे, खेळण्यातल्या गाडीचे चाक डोळ्यांजवळ धरून फिरवणे यांसारख्या पुनःपुन्हा केलेल्या क्रिया. त्यांनी मन शांत होते, आनंद व्यक्त होतो, कंटाळाही जातो. बैठकीत पाय हलवणारे किंवा पेनाचे टोपण उघडझाप करणारे आपण सारे तेच करतो, आपले फक्त समाजमान्य असते. इजा होत असेल, उदाहरणार्थ डोके आपटणे किंवा हात चावणे, तेव्हा मदत घ्यावी. एरवी ‘हात खाली’ असे सतत ओरडण्याने मुलाचा आधार जातो आणि तणाव तसाच राहतो.

‘इकोलालिया’ म्हणजे ऐकलेले बोलणे जसेच्या तसे परत म्हणणे. तो लगेचचा असतो किंवा उशिराचा. आई विचारते, ‘तुला पाणी हवंय?’ आणि तहानलेले मूल काही वेळाने येऊन म्हणते, ‘तुला पाणी हवंय?’ येथे सर्वनाम उलटले आहे, पण निरोप अगदी स्पष्ट आहे. मराठीत याची एक खास खूण दिसते: आईचे वाक्य तिच्या लिंगासकट उचललेला मुलगा ‘मी येते’ म्हणतो. इतर मुलेही थोडा काळ असे बोलतात, मात्र इकोलालियात पूर्ण वाक्य त्याच्या चालीसकट आलेले असते. उशिराचा इकोलालिया अनेकदा निरर्थक समजला जातो. मुंबईतले एखादे मूल दुपारी अचानक ‘पुढील स्टेशन, दादर’ असे म्हणते, आणि कोणाच्या लक्षात येत नाही की त्याला मामाकडे जायचे आहे, कारण मामाकडे जाताना ही उद्घोषणा ऐकू येते. अशी वाक्ये वहीत लिहून समोर ‘तेव्हा काय चालले होते’ ते नोंदवावे. पंधरा-वीस नोंदींनंतर मुलाचा स्वतःचा शब्दकोश हाती लागतो आणि वाचा-भाषा तज्ज्ञांना यापेक्षा उपयोगी कागद क्वचितच कोणी देत असेल.

‘सेन्सरी’ या शब्दाखाली दोन उलट गोष्टी येतात: अतिसंवेदनशीलता आणि न्यूनसंवेदनशीलता. कुकरची शिट्टी, मिक्सर, विसर्जन मिरवणुकीतले ढोल-ताशे काही मुलांना शारीरिक वेदनेसारखे भासतात. तेच मूल गुडघा फुटला तरी रडत नाही, असेही घडते. पाच ज्ञानेंद्रियांपलीकडची तीन नावेही ओटीच्या, म्हणजे व्यवसायोपचाराच्या, अहवालात भेटतात. ‘व्हेस्टिब्युलर’ म्हणजे तोल आणि गतीची जाणीव, ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हणजे सांधे-स्नायूंतून मिळणारी शरीराच्या स्थितीची जाणीव, आणि ‘इंटरोसेप्शन’ म्हणजे भूक, लघवीची भावना, छातीतली धडधड यांसारख्या आतल्या खुणांची जाणीव. शौचाचे प्रशिक्षण लांबलेल्या मुलांच्या बाबतीत हा तिसरा शब्द अवश्य विचारावा.

आणि ‘मेल्टडाउन’. याला हट्ट किंवा आकांडतांडव म्हणू नये. हट्टाला प्रेक्षक लागतो, मागितलेली वस्तू मिळाली की तो ओसरतो आणि रडतारडता मूल समोरच्याच्या चेहऱ्याचा अंदाज घेत असते. मेल्टडाउनमध्ये सहनशक्तीची मर्यादा ओलांडलेली असते, वस्तू देऊनही ते थांबत नाही आणि नंतर मूल गळून जाते. लग्नाच्या हॉलमध्ये असे झाले तर समजावण्याची वेळ गेलेली असते. बोलणे कमी करून मुलाला शांत, कमी उजेडाच्या जागी न्यावे आणि बाकीच्यांचे सल्ले नंतर ऐकावेत. याचेच मूक रूप ‘शटडाउन’: मूल गप्प होते, पडून राहते, प्रतिसाद देत नाही. ते शांत दिसत असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘मास्किंग’ म्हणजे शाळेत किंवा कार्यालयात आपले वेगळेपण प्रयत्नपूर्वक झाकणे. मुलींचे आणि प्रौढांचे निदान उशिरा होण्यामागे हे एक कारण मानले जाते. शाळेत आदर्श असलेली मुलगी घरी दप्तर टाकताच कोसळत असेल, तर हा शब्द आठवावा.

सहावी पायरी: उपचारांची नावे आणि दावे वेगळे करा

मराठीत ‘उपचार’ म्हटले की आजार बरा होणे आपोआप मनात येते. ऑटिझमच्या बाबतीत थेरपी म्हणजे संवाद, स्वावलंबन आणि सोय वाढवण्यासाठी दिलेले पद्धतशीर साहाय्य. ‘ओटी’ म्हणजे व्यवसायोपचार. त्याचा नोकरीधंद्याशी संबंध नसून जेवणे, लिहिणे, अंघोळ, खेळ अशा दैनंदिन क्रियांशी आहे. ‘स्पीच’ म्हणजे केवळ उच्चार सुधारणे नव्हे, त्यात इशारे, चित्रे आणि समजही येते. ‘एएसी’ म्हणजे बोलण्याला पूरक किंवा पर्यायी साधने: चित्रांचे तक्ते, ‘पेक्स’ ही चित्रकार्डांची पद्धत, टॅबलेटवरील अॅप. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे असे एक मोफत अॅप आहे. ‘चित्रे दिली तर मूल बोलायचेच नाही’ ही भीती निराधार आहे. निरोप पोहोचतो हा अनुभव बोलण्याला मदतच करतो. ‘नॉन-व्हर्बल’ या शब्दाचा अर्थही ‘काहीच कळत नाही’ असा करू नये.

‘एबीए’ म्हणजे वर्तनाचे लहान भाग पाडून, बक्षिसाच्या साहाय्याने शिकवण्याची पद्धत. तिच्यावर पुष्कळ संशोधन आहे आणि तितकीच तीव्र टीकाही, विशेषतः बालपणी ती अनुभवलेल्या ऑटिस्टिक प्रौढांकडून. जी केंद्रे नजर मिळवण्याची सक्ती करतात आणि स्टिमिंग बंद करणे हे ध्येय लिहितात, त्यांच्यापासून मी तरी दूर राहण्याचाच सल्ला देईन. ‘पेरेंट-मीडिएटेड’ म्हणजे पालकांना शिकवून त्यांच्यामार्फत केलेला हस्तक्षेप. गोवा आणि रावळपिंडी येथे अशा पद्धतीची चाचणी झाली, तीत तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ते काम केले आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला चाळीस तासांचे पॅकेज न परवडणाऱ्या कुटुंबांनी हा शब्द आवर्जून लिहून ठेवावा.

‘रिव्हर्सल’, ‘डिटॉक्स’, ‘किलेशन’, ‘स्टेम सेल’ हे शब्द मात्र लाल शाईने लिहावेत. किलेशनने, म्हणजे शरीरातील जड धातू औषधाने बाहेर काढण्याच्या उपचाराने, जिवालाही धोका होऊ शकतो. स्टेम सेल उपचार ऑटिझमसाठी करू नयेत, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच घेतली. नोंदणी तपासणेही सोपे आहे: विशेष शिक्षक, वाचा-भाषा तज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, क्रमांक असतो. व्यवसायोपचार तज्ज्ञ त्या परिषदेखाली येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी निराळी राज्य परिषद आहे.

सातवी पायरी: शाळा आणि शासन यांची भाषा

शाळेत ‘आयईपी’ मागावा. तो मुलासाठी केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा असून त्यात मोजता येतील अशी ध्येये लिहिलेली असावीत. ‘शॅडो टीचर’ म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी व्यक्ती. तिची नेमणूक कोण करणार आणि पगार कोण देणार, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावे. परीक्षेतील ‘लेखनिक’ आणि ‘वाढीव वेळ’ या दोन वेगळ्या सवलती आहेत, एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळाली असे होत नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांत त्याला स्वतंत्र नोंद मिळाली. ‘युडीआयडी’ हे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र आहे आणि त्यासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. ‘बेंचमार्क’ म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व. आरक्षण आणि ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क या रेघेपाशी सुरू होतो. प्रमाणपत्र हाती पडताच ते ‘तात्पुरते’ आहे की ‘कायम’ हे पाहावे आणि तात्पुरते असल्यास मुदत संपण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे.

शेवटचा शब्द आपल्याच भाषेतला असून सर्वांत फसवा आहे: ‘पालक’. मराठीत आई-वडिलांनाही पालक म्हणतात आणि कायद्याच्या गार्डियनलाही. मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडील आई-वडीलच राहतात, परंतु कायद्याच्या अर्थाने पालक राहत नाहीत. बँक, शस्त्रक्रियेची संमती, मालमत्ता यांसाठी गरज असेल तर राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे, जिच्या प्रमुखपदी जिल्हाधिकारी असतात, कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. २०१६ च्या कायद्यात ‘मर्यादित पालकत्व’ अशी आणखी एक संज्ञा आहे, तीत ठरावीक निर्णय ठरावीक काळासाठी, दिव्यांग व्यक्तीशी सल्लामसलत करून, दोघांनी मिळून घ्यायचे असतात. प्रत्येक ऑटिस्टिक प्रौढाला यांपैकी एकाची गरज असतेच असे नाही. म्हणून सतराव्या वाढदिवसानंतर वही काढून बसावे, कोणते निर्णय आपला मुलगा किंवा मुलगी स्वतः घेते, कोणते विचारून घेते आणि कोणते घेऊ शकत नाही याची नोंद त्यांच्यासोबत बसून करावी, आणि त्या यादीवरून कोणता अर्ज करायचा, की कोणताच करायचा नाही, हे ठरवावे.